नामिबियाचे रस्ते: ३० लाख माणसं आणि ४८ हजार किलोमीटर

प्रश्न थोडक्यात असा होता की, कुनोला चित्ते जिथून आले त्या नामिबियाच्या ट्रिपांचे व्हिडिओ बघितले, तासभर समोरून एक गाडी येत नाही, रस्ता मात्र रुंद, सरळ, साफ आणि तरी डांबरी नाही. मग इतक्या कमी माणसांसाठी एवढे रस्ते करायला पैसा कोण देतं, करतातच तर डांबर का टाकत नाहीत, रेल्वे का वाढवत नाहीत आणि आपल्या इंजिनिअरला तिकडे काम मिळतं का. मी हायवेवाला सिव्हिल इंजिनिअर, त्या भागात काही वर्षं कन्सल्टंटकडे साइटवर काढलीत, म्हणून उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी आकडे बघू कारण त्याशिवाय बाकीचं डोक्यात बसत नाही. देश सव्वाआठ लाख चौरस किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटीहून जास्त, आणि २०२३ च्या जनगणनेत माणसं ३० लाख. २०११ ला एकट्या पुणे महापालिकेत ३१ लाख होती. घनता चौरस किलोमीटरला चारपेक्षा कमी, आपली ३६५. आणि सरकारी नोंदीतले रस्ते साधारण ४८ हजार किमी, त्यात डांबरी ८ हजारच्या आसपास, मुरमाचे पंचवीसेक हजार, उरलेले मातीचे नाहीतर नुसत्या चाकोऱ्या. भागाकार केला तर रस्त्याच्या एका किलोमीटरमागे साठ-बासष्ट माणसं, तीही लहान पोरं धरून. त्यातले टॅक्स भरणारे किती, गाडीवाले किती, हे तुम्हीच बघा.

पण ही सरासरी फसवी आहे हेही लगेच सांगतो. माणसं सारखी पसरलेली नाहीत. उत्तरेला अंगोलाच्या सीमेला लागून ओशाना, ओमुसाती, ओहांगवेना, ओशिकोटो हा जो पट्टा आहे तिथे देशाची जवळपास चाळीस टक्के वस्ती, राजधानी विंडहुकमध्ये अजून जवळपास पाच लाख, आणि मग दक्षिणेला खारास, हार्डाप वगैरे भागात शंभर किमी गेलात तरी एखादं फार्मचं गेट दिसेल तेवढंच. म्हणजे एकाच देशात दोन वेगळे प्रश्न. दक्षिणेत अंतर हाच प्रॉब्लेम, उत्तरेत पाणी आणि वाळू. दोन्हीकडे एकच डिझाइन चिकटवायला गेलं की फसतं.

आता डांबर का नाही. लोकांना वाटतं मुरमाचा रस्ता म्हणजे गरिबीचा रस्ता, पैसे आले की डांबर टाकणार. नामिबियात तसं नाहीये. तिथे मुरमाचा रस्ता पूर्ण डिझाइन करून बांधतात, त्याला अलाइनमेंट असते, कॅम्बर (मध्ये उंच, कडेला उतार) असतो, दोन्ही बाजूला चर असतात, वरचा १५० मिमी थर टेस्ट करून निवडलेल्या मटेरियलचा असतो. टेस्टिंग दक्षिण आफ्रिकेच्या टीआरएच २० ह्या मुरमाच्या रस्त्यांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे. त्यात दोन आकडे बघतात, एक श्रिंकेज प्रॉडक्ट, म्हणजे मटेरियल वाळल्यावर किती आक्रसतं गुणिले त्यात बारीक माल किती, आणि दुसरा ग्रेडिंग कोइफिशंट, म्हणजे मोठे-मधले-बारीक दगड कोणत्या प्रमाणात आहेत. पहिला १०० ते ३६५ मध्ये आणि दुसरा १६ ते ३४ मध्ये बसला तर रस्ता चांगला. श्रिंकेज कमी पडलं तर मुरूम सुटा होतो, जास्त झालं तर पावसात चिखल. इतकं साधं आहे, पण ह्या दोन आकड्यांत बसणारा मुरूम पंधरावीस किलोमीटरमध्ये सापडणं हीच खरी मारामारी. बऱ्याच ठिकाणी कॅलक्रीट मिळतो, चुनखडीसारखा पांढरा, तो बरा चालतो. जिथे नुसती कलहारीची लाल वाळू आहे तिथे बोंबला.

मग तो रस्ता खराब कसा होतो? एक, आडव्या बारीक लाटा पडतात, पन्हाळी पत्र्यासारख्या, ज्याला कॉरुगेशन म्हणतात. सुट्या मटेरियलवर गाडी एका वेगापेक्षा जोरात गेली की चाक बारीकशा उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथे खड्डा आणि त्याच्यापुढे परत उंचवटा, असं करत करत अख्खा रस्ता थरथरायला लागतो, स्टिअरिंग धरून हात बधीर होतात. दोन, मुरूमच उडून जातो. धूळ दिसते ना व्हिडिओत गाडीमागे, छान दिसते ती, तो रस्त्याचा बाइंडर, म्हणजे मुरूम धरून ठेवणारा बारीक माल, उडतोय. दिवसाला शंभर गाड्या असतील तर वर्षाला १० ते ३० मिमी थर जातो, मटेरियल आणि हवामानावर आहे. २५ मिमी धरा, रस्ता ८ मीटर रुंद धरा, एका किलोमीटरला वर्षाला २०० घनमीटर मुरूम गेला, म्हणजे दहा घनमीटरचे वीस टिपर. वीस टिपर माल दरवर्षी, प्रत्येक किलोमीटरला, हवेत. सहासात वर्षांत थर संपतो आणि परत नवीन घालावा लागतो. जवळच्या खाणी एकदा संपल्या की पुढच्या वेळी मुरूम चाळीस किलोमीटरवरून आणा.

म्हणून गणित गाड्यांवर येतं. जुना ढोबळ नियम असा की दिवसाला साधारण २०० गाड्या झाल्या की डांबर परवडायला लागतं, त्याखाली मुरूम बरा. जिथे मुरूम दुर्मिळ तिथे ही रेषा अजून खाली येते, शंभरावर पण येऊ शकते. आणि नामिबियातल्या कित्येक डी नंबरच्या रस्त्यांवर दिवसाला पन्नास गाड्याही नसतात. (तिथे रस्त्यांना अक्षरं आहेत, बी म्हणजे मुख्य हायवे, सी म्हणजे त्याखालचे, डी म्हणजे जिल्ह्याचे. बी१ हा दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरच्या नूर्डूव्हरपासून अंगोलाच्या सीमेवरच्या ओशिकांगोपर्यंत, दीड हजार किमीच्या वर, सगळा डांबरी.) पन्नास गाड्यांसाठी डांबर टाकणं म्हणजे नुसता बांधायचा खर्च नाही, पुढे दर आठ-दहा वर्षांनी रिसील, म्हणजे वर पुन्हा डांबराचा पातळ थर, करण्याची जबाबदारी गळ्यात. तो रिसील चुकवला की वरचा पातळ थर तडकतो, पाणी बेसमध्ये (डांबराखालच्या थरात) जातं आणि मग खड्डे. खड्डे पडलेला डांबरी रस्ता हा चांगल्या मुरमाच्या रस्त्यापेक्षा वाईट, कारण मुरमाच्या रस्त्यावर ग्रेडर (लांब पात्याने रस्ता सारखा करणारं मशीन) फिरवला की दोन दिवसांत तो परत सरळ होतो, फुटलेल्या डांबराचं काय करणार.

ग्रेडरवरून आठवलं, ह्या सगळ्या सिस्टीमचा खरा हिरो तो ग्रेडर ऑपरेटर आहे. रस्त्याच्या कडेला एक कॅराव्हॅन, पाण्याची टाकी, डिझेलची टाकी, आणि तो माणूस मदतनिसाला घेऊन आठवडेच्या आठवडे तिथे राहतो, आपला पट्टा पूर्ण झाला की कॅराव्हॅन ओढत पुढे. चांगला ऑपरेटर मधला कॅम्बर राखतो, कडेला गेलेला मुरूम परत मध्ये आणतो. वाईट ऑपरेटर वरवर खरवडतो, दर फेरीला रस्ता थोडा खाली जातो आणि काही वर्षांनी रस्ताच कालव्यासारखा आजूबाजूच्या जमिनीच्या खाली, पाऊस आला की सगळं पाणी रस्त्यातून. आपल्याकडेही शेतरस्त्यांचं हेच होतं, फक्त आपण त्याचा दोष पावसाला देतो.

बांधताना पाणी हा अजून एक विषय जो भारतात बसून लक्षात येत नाही. मुरूम दाबायला पाणी लागतं, बरंच लागतं, आणि वाळवंटात ते टँकरने लांबून आणायचं नाहीतर बोअर मारायची, आणि बोअरचं पाणी बऱ्याचदा खारं. खाऱ्या पाण्याने बेस दाबला आणि वर पातळ डांबरी सील केला तर उन्हाने ओलावा वर येतो, मीठ सीलच्या खाली स्फटिक होऊन साचतं आणि सीलला फोड येतात, अक्षरशः. त्यांचे डांबरी रस्ते बहुतेक असे पातळच असतात बरं का, नैसर्गिक मुरमाचा बेस आणि वर चिप सील, म्हणजे डांबर मारून त्यावर दाबलेली बारीक खडी, आपल्यासारखं खडीचे थर, मग डीबीएम (डांबर-खडीचा जाड थर) वगैरे प्रकार फक्त जड ट्रॅफिकला. पाऊस कमी असल्याने ते टिकतं. कोकणात हे करू नका, पहिल्या पावसाळ्यात वाहून जाईल.

पण गंमत बघा, जे मीठ डांबराला मारतं त्याच मिठाचे रस्ते समुद्रकिनाऱ्यावर आहेत. स्वाकोपमुंडच्या उत्तरेला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारे सॉल्ट रोड त्यासाठीच प्रसिद्ध. तिथली जमीन जिप्समवाली, ती उकरून त्यावर समुद्राचं एकदम दाट खारं पाणी मारायचं, दाबायचं, सुकू द्यायचं. कडक होतं, वरून टायरचं रबर बसून काळं चकचकीत होतं, लांबून डांबरीच वाटतं. हे चालतं कारण त्या किनाऱ्याला बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह आहे, पाऊस जवळजवळ शून्य पण धुकं भरपूर, त्या धुक्याच्या ओलाव्याने मीठ मुरूम धरून ठेवतं. पंचवीसतीस किलोमीटर आत गेलात, धुकं संपलं, की हा रस्ता टिकत नाही. आणि धुक्यात सकाळी तो साबणासारखा होतो हे भाड्याने गाडी घेणाऱ्यांना कोणी सांगत नाही, रस्ता छान दिसला म्हणून शंभरने जातात आणि फिरतात.

उत्तरेचं वेगळं. तिथे जमीन इतकी सपाट की पावसाळ्यात अंगोलातून येणारं पाणी ओशाना नावाच्या उथळ, रुंद नाल्यांतून हळूहळू पसरत येतं. मोठा पूर आला की त्याला एफुंजा म्हणतात, २००८, २००९, २०११ ला चांगलेच आले होते, शाळा-दवाखाने बंद, गावं बेटं झालेली. आता ह्या सपाटीवर तुम्ही दीड-दोन मीटर भराव घालून रस्ता नेला म्हणजे तुम्ही धरण बांधलं. एका बाजूला पाणी साचतं, दुसऱ्या बाजूची शेतं-कुरणं कोरडी, आणि मोऱ्या कमी दिल्या असतील तर पाणी स्वतःच रस्ता फोडतं. म्हणून तिथे लांबच लांब फरशी पूल जास्त शहाणपणाचे, चार दिवस पाणी वरून जाऊ दे, रस्ता बंद राहू दे, पण नंतर रस्ता असतो. लोकांना हे पटत नाही, आमदार-खासदारांना तर अजिबातच नाही, त्यांना उंच रस्ता पाहिजे. हे तिथलं सांगतोय, इकडचं कोणाला आठवलं तर योगायोग. आणि एक चांगली गोष्ट, स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९९० नंतर, ह्याच भागात मशिनऐवजी गावातल्या माणसांच्या हातून मुरमाचे रस्ते करायचे प्रोग्राम चालवले गेले, बायकाही मोठ्या संख्येने कामाला, पैसा गावातच राहिला. जिथे वस्ती आहे तिथेच हे जमतं, दक्षिणेत मजूर आणणार कुठून.

पैशाचं आता. माझ्या मते नामिबियाकडून शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. १९९९ ला त्यांनी कायदे केले आणि २००० पासून काम वाटून दिलं: रोड फंड ॲडमिनिस्ट्रेशन पैसा गोळा करणार, रोड्स अथॉरिटी रस्ते बघणार, आणि आधी जे खात्याचे मेंटेनन्सवाले होते त्यांची वेगळी कंपनी काढली, रोड्स कॉन्ट्रॅक्टर कंपनी. ती कंपनी पुढे आर्थिक गाळात गेली, तो भाग फसला. पण पहिले दोन टिकले. फंडाचा पैसा रस्ता वापरणाऱ्याकडून येतो, म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरवर लेव्ही, गाडीची वार्षिक लायसन्स फी, बाहेरच्या देशातून आलेल्या गाड्यांना एन्ट्री फी, आणि साडेतीन टनांवरच्या गाड्यांना वजन आणि अंतर ह्यावर चार्ज, जितकं वजन घेऊन जितकं फिराल तितके पैसे. शेतकरी किंवा खाणवाला डिझेल रस्त्याबाहेर वापरत असेल तर त्याला लेव्हीतला वाटा परत मिळतो. आणि फंडाचा पहिला हक्क मेंटेनन्सचा. मोठे नवीन रस्ते बजेटमधून नाहीतर कर्जातून, जर्मनीची सरकारी बँक केएफडब्ल्यू, आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक, चीन वगैरे.

आपल्याकडेही सेंट्रल रोड फंड ॲक्ट २००० चाच आहे, पेट्रोल-डिझेलवर सेस आहे, पण तो पैसा मुख्यतः नवीन कामांना जातो आणि २०१८ ला तर त्याच्या नावातच इन्फ्रास्ट्रक्चर घालून रेल्वेपासून बाकी सगळ्यांना वाटा दिला. फीत नवीन रस्त्याची कापतात, ग्रेडिंगची नाही. नामिबियातही फंड पुरत नाही हे खरं, रिग्रॅव्हलिंग (नवा मुरूम घालणं) आणि रिसील दोन्हीचा बॅकलॉग आहे, ३० लाख लोकांकडून लेव्ही गोळा करून होणार किती.

म्हणून मग बाहेरच्यांचा माल आपल्या रस्त्यावरून न्यायचा आणि त्यांच्याकडून वसूल करायचं, हा दुसरा डाव. वॉल्व्हिस बे हे खोल पाण्याचं बंदर दक्षिण आफ्रिकेने १९९४ ला परत दिलं, त्याआधी स्वतंत्र देशाचं मुख्य बंदरच परक्याच्या ताब्यात. २०१९ ला तिथे समुद्रात भर घालून ४० हेक्टरवर नवीन कंटेनर टर्मिनल झालं, क्षमता साडेतीन लाखांवरून साडेसात लाख टीईयूवर (टीईयू म्हणजे वीस फुटी एक कंटेनर). नामिबियाला स्वतःला एवढं कशाला लागणार? हिशोब बोत्स्वाना, झांबिया आणि काँगोच्या तांब्याचा आहे. १९९८ ला ट्रान्स-कलहारी रस्ता पूर्ण झाला, बोत्स्वानातून थेट जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडे. २००४ ला कटिमा मुलिलोजवळ झांबेझीवर ९०० मीटरचा पूल झाला आणि झांबिया जोडला गेला. आता कटिमा मुलिलोकडे जाणाऱ्या बी८ रस्त्यावर तांब्याच्या प्लेटा घेतलेले ट्रक रांगेने असतात, देशाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि नामिबियात विकत काही नाहीत, डिझेल भरतात आणि चार्ज देतात. तो चार्ज रस्त्याची झीज भरून काढतो का, ह्यावर इंजिनिअर आणि बंदरवाले ह्यांचं कधीच एकमत होत नाही. एक्सलवर १० टक्के जास्त वजन टाकलं तर नुकसान जवळपास ४५ टक्के वाढतं, नुकसान वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं, असा नियम आहे तो. वजनकाट्यावर ढिलाई केली की वीस वर्षांचा रस्ता दहा-बारा वर्षांत जातो, म्हणून मी इंजिनिअरांच्या बाजूचा. शिवाय २०२१ पासून बोत्स्वाना-झांबियामध्ये कझुंगुला पूल झालाय, म्हणजे झांबियाचा माल आता तिकडूनही दक्षिण आफ्रिकेला जाऊ शकतो, नामिबियाने चार्ज फार वाढवला तर ट्रक वळतील.

ह्या जड मालासाठी खरं तर रेल्वे पाहिजे, हे तुमचं बरोबर आहे. रेल्वे आहे, अडीच हजार किमीच्या वर, १०६७ मिमी गेजची. पण तिची मुळं वेगळ्या कामाची. जर्मनांनी १८९७ ते १९०२ मध्ये स्वाकोपमुंड ते विंडहुक ६०० मिमीची छोटी लाइन टाकली, मग १९०६ पर्यंत त्सुमेबच्या तांब्याच्या खाणीपर्यंत दुसरी. दक्षिणेतल्या ल्युडेरिट्झ बंदराची लाइन, जर्मनांनी हेरेरो आणि नामा ह्या तिथल्या जमातींचा नरसंहार केला त्या काळात, शार्क आयलंडच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून बांधून घेतली, त्यात प्रचंड संख्येने माणसं मेली. त्याच लाइनवर १९०८ ला रुळावरची वाळू काढताना झकारियास लेवाला ह्या कामगाराला हिरा सापडला आणि सगळी हिऱ्यांची धावपळ सुरू झाली, त्याला स्वतःला त्यातलं काही मिळालं नाही. वाळू आजही तशीच आहे. औस ते ल्युडेरिट्झ पट्टा बंद पडला होता, तो परत उभा करायला वर्षानुवर्षं गेली, कारण रूळ टाकून पुढे जाईपर्यंत मागे टेकडी चढलेली असते. उत्तरेला मात्र नवी लाइन झाली, त्सुमेबहून ओंडांग्वा २००६ ला आणि ओशिकांगो २०१२ ला.

रेल्वेला लागतो एकाच जागेवरून एकाच जागेवर जाणारा भरपूर माल. इंधन, सिमेंट, खनिजं, सल्फ्युरिक ॲसिड, हे चालतं. बाकीचा माल शंभर ठिकाणी थोडा थोडा, तो ट्रकनेच जाणार. जुने रूळ म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून माल ट्रककडे, माल गेला म्हणून रूळ बदलायला पैसा नाही. बोत्स्वानाचा कोळसा वॉल्व्हिस बेला आणायला दीड हजार किमीच्या ट्रान्स-कलहारी रेल्वेचा करार २०१४ ला झाला, रूळ अजून नाही. नुसत्या कोळशाच्या भरवशावर त्याला कर्ज मिळेल असं मला वाटत नाही, तांबं किंवा मँगनीज सोबत आलं तर बघू.

बस-पॅसेंजर ट्रेन वगैरे विचारत असाल तर फार नाही. लोक शहराच्या टोकाला ठरलेल्या हाइक पॉइंटवर उभे राहतात, येणाऱ्या गाडीला पैसे देऊन बसतात. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने. स्वतः चालवणार असाल तर मुरमावर ८० च्या वर जाऊ नका (कायद्याने १०० चालतं तरी), टायरची हवा थोडी कमी करा, स्टेपनी दोन, आणि अंधार पडला की गाडी बंद, कुडू (मोठं हरीण) मध्ये आला तर बोनेटवरून सरळ काचेतून आत येतो.

शेवटचा प्रश्न, काम. मिळतं, पण आधी तिथल्या इंजिनिअरिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते आणि स्थानिक माणूस मिळत नाही हे कंपनीला दाखवावं लागतं, वर्क परमिटला वेळ जातो. पंचवीसतिशीत डिग्रीवर जायचा विचार असेल तर सोडा, मटेरियल्स किंवा मेंटेनन्स मॅनेजमेंटचा दहाएक वर्षांचा अनुभव असेल तर बोलतात. आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी ७७ हे मुरमाच्या रस्त्यांचं मॅन्युअल आपल्याकडे २००८ पासून आहे, आधी ते वाचा, मग टीआरएच २० घ्या, आणि इंटरव्ह्यूला श्रिंकेज-ग्रेडिंगचा तो आलेख कागदावर काढता आला पाहिजे, माझ्या वेळी तोच विचारला होता.